गेट कोणासाठी उघडतं, ते आधी बघा

प्रस्तुत लेखिकेला राग आलेला आहे आणि तो लपवायची तिची तयारी नाही. पुढे येणाऱ्या सल्ल्यांपैकी काही खरोखर उपयोगाचे असतील, काही नुसतीच तोंडची वाफ. वाचकांनी आपापल्या बिल्डिंगच्या मापाने घ्यावेत.

लेखिकेचं घर करी रोड आणि लोअर परळच्या मधल्या पट्ट्यात. जन्म चाळीत, आता मुक्काम त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या रिहॅब विंगच्या नवव्या मजल्यावर, म्हाताऱ्या आईसोबत. शेजारी, त्याच प्लॉटवर, पोडियमच्या पलीकडे बिल्डरने विकायला बांधलेला सेल टॉवर. संप, बंद गिरण्या, मग मॉल, मग काचेची ऑफिसं ही गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती इथे पुन्हा नको.

२०१७ साल मात्र सांगावंच लागेल. त्या वर्षी २९ ऑगस्टला, तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघालेले डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह वरळीत मिळाला. २९ सप्टेंबरच्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्टेशनं जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसात गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातले गच्चीवरचे पब पेटले. १४ जण दगावले, बहुतेक धुराने गुदमरून. चार महिन्यांत तीन घटना, त्याही पायी फिरता येईल एवढ्या टापूत. एकीतही चोर नव्हता की गुंड नव्हता. गटाराचं झाकण, स्टेशनचा जिना आणि बाहेर पडायची वाट, एवढ्यावरच माणसं गेली.

तरीही इथे ‘सेफ्टी’वर मीटिंग भरली की विषय एकच निघतो: बाहेरची पोरं. सेल टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संशयितांचे फोटो फिरतात. एकदा त्यात लेखिकेच्या मजल्यावरचा मुलगा होता. आपल्याच बिल्डिंगखाली तो मित्राची वाट बघत उभा होता.

आणि चाळीतल्या सुरक्षिततेचे गोडवेही कोणी गाऊ नयेत. गॅलरीत सदैव कोणीतरी जागं असायचं हे खरं. पण लाकडी जिना हलायचा तोही खरा, आणि संपानंतरच्या वर्षांत टोळ्यांनी याच गल्ल्यांतली बेकार पोरं उचलली, तेही खरंच. आज गल्लीत रात्री एकपर्यंत दिवे असतात, वर्दळ असते. लेखिकेची भाची शेवटच्या लोकलने येऊन एकटी घरापर्यंत चालत येते, आणि त्याबद्दल लेखिकेची तक्रार नाही. तक्रार गेटची आहे.

दिवाळी नुकतीच झाली होती. रात्री साडेदहाच्या सुमारास रिहॅब विंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. लिफ्ट बंद, जिन्यात अंधार. आईचे गुडघे गेलेले. तिला एका बाजूने लेखिकेने आणि दुसऱ्या बाजूने सातव्या मजल्यावरच्या काकांच्या मुलाने धरून, पायरी पायरी करत खाली आणलं. खाली आल्यावर कळलं की गल्लीकडे जाणारा रस्ता मीटर रूमच्या दारावरूनच जातो आणि धूर तिथेच साठला आहे. गल्लीच्या तोंडाशी बंब येऊन थांबला होता. आत येणार कुठून? कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटच्या व्हॅलेवाल्यांनी दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या होत्या आणि किल्ल्या त्यांच्या बोर्डावर लटकत होत्या. व्हॅलेचा पोरगा म्हणे, ‘साहेब जेवतायत, बोलावतो.’

दुसरी वाट होती. पोडियमच्या कडेने मुख्य रस्त्याकडे जाणारा रुंद, रिकामा, स्वच्छ पॅसेज. त्याच्या टोकाला बूम बॅरिअर, बॅरिअरमागे लोखंडी गेट आणि गेटला साखळी. धुराने खोकणारी माणसं तिथे जमली. लेखिकेने वॉचमनला गेट उघडायला सांगितलं. त्याने रजिस्टर उघडलं.

“फ्लॅट नंबर?”

“नऊशे चार. रिहॅब.”

“या गेटने रिहॅबला एन्ट्री नाही, मॅडम.”

आत नाही, बाहेर जायचंय, असं तिने सांगितलं. तो पुन्हा यादीत बघायला लागला. वॉकीटॉकीवरून पलीकडून उत्तर येत होतं, “मॅनेजर सरांना विचारून सांगतो.” पोरगा वाईट नव्हता, बारा तासांची ड्यूटी आणि नोकरी जायची भीती, दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागे धूर, पुढे यादी आणि हातात आईचा थरथरणारा दंड. कॅमेरे, बॅरिअर, रजिस्टर ही सगळी राखण ज्यांच्यापासून चालली आहे त्यांत आपणही आहोत, हे लेखिकेला तिथे उभं असताना लख्ख कळलं. करारावर सही करताना हे कोणी सांगितलं नव्हतं. बिल्डरच्या मॉडेलमध्ये तर त्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना हिरवी झाडं होती.

पोरांनी शेवटी साखळी तोडली, बॅरिअर उचकटला, आणि बंब त्याच वाटेने आत आला. आग लवकर विझली. काकांना रात्रभर हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, बाकी सगळे सुखरूप.

त्यानंतर जे झालं त्याचा राग आगीपेक्षा जास्त आहे. नोटीस बोर्डावर पत्रक लागलं: रिहॅब विंगच्या काही रहिवाशांनी घाबरून जाऊन सामाईक मालमत्तेची नासधूस केली, सबब दुरुस्तीचा खर्च त्यांच्या सोसायटीकडून वसूल करण्यात येईल. धुराबद्दल पत्रकात अक्षर नव्हतं. मीटिंगला लेखिका गेली. मॅनेजर वयाने तिच्याएवढाच, तरी पहिल्या वाक्यापासून “काकू.” “काकू, तुम्ही पॅनिक झालात. काकू, प्रोसेस असते. काकू, उद्या कोणीही येऊन साखळी तोडेल, मग सेफ्टीचं काय?” तो पॅसेज सेल टॉवरचा खासगी आहे, असंही त्याने दोनदा ठासून सांगितलं.

तो खासगी नव्हता. रिहॅबच्या सोसायटीने माहिती अधिकारात महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडून मंजूर नकाशा मागवला. त्यात तोच पॅसेज दोन्ही इमारतींसाठी अग्निशमन वाहनाचा मार्ग म्हणून रेखाटलेला होता. नकाशा समोर ठेवल्यावर मॅनेजर म्हणाला, “हा जुना असेल.” खाली तारीख होती, आणि ती त्याच्याकडच्या नकाशाच्या नंतरची होती. मग तो काही बोलला नाही. दिलगिरी तर सोडाच.

आता ज्यांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी. अशी माणसं थोडी नाहीत. वरळीच्या बीडीडी चाळींत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाची कामं चालू आहेत. सेस बिल्डिंगांच्या पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमात किमान ३०० चौरस फूट मिळतात. सगळ्या सभा या फुटांवरच खर्ची पडतात. फूट महत्त्वाचे आहेतच, पण घरातून बाहेर पडायची वाट कोणाच्या ताब्यात राहणार, हे विचारणारा एकही माणूस लेखिकेने सभेत पाहिला नाही.

तेव्हा पहिलं काम: पर्यायी जागेच्या करारनाम्याला संपूर्ण प्लॉटचा मंजूर नकाशा जोडून घ्या, नुसता आपल्या फ्लॅटचा नको. बंबाचा मार्ग, गेटं, मीटर रूम, पंप रूम, जनरेटर यांवर रंगीत पेन्सिलीने खुणा करा आणि कोणती किल्ली कोणाकडे राहणार हे करारातच लिहून घ्या. ‘सामाईक सुविधा’ हा शब्द मोघम ठेवू देऊ नका. त्याखाली यादी हवी. करारनामा नोंदणीकृतच हवा. बिल्डरच्या विक्रीच्या भागाला महारेराची नोंदणी लागते, निव्वळ पुनर्वसनाच्या इमारतीला लागत नाही. म्हणून पुढे भांडायला हाच कागद कामी येतो. आणि नकाशा वकिलापेक्षा आधी एखाद्या ओळखीच्या आर्किटेक्टला दाखवा. वकील कलमं वाचतो, दार कुठे आहे ते बघत नाही.

दुसरं, फॉर्म बी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ते मागा. कागदावर भागवू नका. एजन्सीचा माणूस आला की त्याच्यासोबत फिरा आणि होज रीलचा नळ त्याला समोर उघडायला लावा. लेखिकेच्या विंगमध्ये तो उघडल्यावर पाण्याऐवजी हवा आली होती. उंच इमारत म्हणजे सुरक्षित, हा समजही सोडा: २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या एका आलिशान टॉवरच्या १९व्या मजल्याला आग लागली आणि खाली पडून एका सुरक्षारक्षकाचा जीव गेला. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेत, गणपतीचं मखर, जुनं कपाट, सायकली ठेवणाऱ्या आपल्याच माणसांशीही वाईटपणा घ्या. लेखिकेने घेतला. अजून दोन घरं बोलत नाहीत.

रात्रीचा आवाज. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या नियमांत आहे. पबच्या गच्चीवरचा बास खिडकीच्या काचेत वाजायला लागला की ११२ वर फोन करा, पण गल्लीच्या नावाने तक्रार करू नका. हॉटेलचा पूर्ण पत्ता सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. क्रमांक नसलेली तक्रार सकाळी कोणालाच आठवत नाही. व्हॅलेच्या गाड्यांचंही तसंच. नंबरप्लेट आणि बंबाची वाट एकाच फोटोत यायला हवी. नुसत्या गाडीच्या फोटोने काही सिद्ध होत नाही.

घर भाड्याने देणार असाल (आणि इथे बरेच जण ऑफिसवाल्या पोरांना देऊन स्वतः डोंबिवली-बदलापूरला जातात), तर लिव्ह अँड लायसन्स नोंदवा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. कोणत्या मजल्यावर कोण राहतं हे ठाऊक नसल्यामुळे त्या रात्री पोरांना दारं ठोठावत फिरावं लागलं होतं.

पावसाचं: हिंदमाता, एल्फिन्स्टनकडे पाणी भरलं की रस्त्याच्या मधून चालू नका, भिंतीच्या कडेने चाला, छत्रीच्या टोकाने पुढची जमीन चाचपून पाऊल टाका. उघडं झाकण दिसलं तर १९१६ वर कळवा.

पुलांचा भरवसा धरू नका. डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. एल्फिन्स्टनचा गाड्यांचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. घरात आजारी माणूस असेल तर हॉस्पिटलची दुसरी वाट आधी एकदा रात्री टॅक्सीने जाऊन पाहा. नकाशातली दहा मिनिटं संध्याकाळी सात वाजता दहा नसतात.

बाकी नेहमीचं: शेजाऱ्यांशी बोलत राहा, टॉर्च दाराजवळ ठेवा, १०१ आणि १०८ म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. हे सगळ्यांना माहीत असतं.

जे कमी जणांना माहीत असतं ते असं. मॅनेजरशी तोंडी काही बोलायचं नाही. गोड बोलणं सगळं तोंडी होतं आणि नोटीस मात्र लेखी येते. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि सही. शिक्का मारायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्जात ‘का’ विचारू नका, कागद मागा: अमुक इमारतीच्या अंतिम मंजूर नकाशाची आणि अग्निशमन दलाच्या ना हरकत पत्राची साक्षांकित प्रत. कारणं विचारणारे अर्ज माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून परत येतात.

सध्याची स्थिती सांगायची तर गेटची साखळी गेली आहे, किल्ली काचेच्या पेटीत आली आहे, रजिस्टर मात्र तिथेच आहे. बॅरिअरचं बिल रिहॅबच्या सोसायटीने भरलेलं नाही. सामाईक खर्चाच्या प्रत्येक हिशेबात ते थकबाकी म्हणून छापून येतं, आणि दर वेळी सेक्रेटरी लेखी उत्तराला नकाशाची झेरॉक्स जोडून, आवक शिक्का घेऊन परततात. मॅनेजर हल्ली त्यांना खुर्ची देतो. चहा अजून विचारत नाही.