खडकावरील शेवाळ

वऱ्हाडच्या काळ्या रानातून निघून सुमारे ३,६०० फूट उंचीवरील चिखलदऱ्याकडे जो पावसाळ्यात चढून जातो, त्यास खडकांवर व झाडांच्या बुंध्यांवर हिरवी मखमल पसरलेली दिसते. तिला आपण शेवाळ म्हणतो. परंतु तळ्यातील शेवाळ निराळे व हे निराळे. इंग्रजीत ह्यास मॉस म्हणतात. शलमोन राजाने थोर गंधसरूबरोबर भिंतीवरच्या एजोबाचाही विचार केला (१ राजे ४:३३). तेव्हा आपणही ह्या क्षुद्र वनस्पतीकडे क्षणभर लक्ष देऊ.

मॉसला खरे मूळ नाही, फूल नाही, बीही नाही. मुळांच्या ठिकाणी बारीक तंतू असतात. त्यांचे मुख्य काम खडकास धरून राहणे. पाणी ते पानांच्या सर्वांगाने शोषून घेते, कारण बहुतेक जातींची पाने अत्यंत पातळ असतात. म्हणून वैशाखात ते सुकून काळवंडते व मेलेसे वाटते. परंतु पुष्कळ जाती पहिली सर पडताच पुन्हा हिरव्या होतात.

त्याचे जंगलातील काम लहान नाही. उघड्या खडकावर पडलेले पाणी तत्काळ वाहून जाते. मॉसच्या गादीत ते थबकते व हळूहळू झिरपते. त्याच गादीत धूळ व कुजलेला पाला साचून मातीचा थर बनतो, बारीक किडे आश्रय घेतात, आणि नेच्यांना व इतर रोपांना रुजण्यास जागा मिळते.

फ्युनेरिया नावाची एक जात भारतात व इतर अनेक देशांत आढळते. जळालेल्या भूमीवर प्रथम उगवणाऱ्या वनस्पतींत तिची गणना होते. तिच्या फळाचा देठ सुकला म्हणजे पीळ घेतो व ओलावा लागताच उलगडतो. तथापि ही जात जखमेवरील पट्टीप्रमाणे होय. अनेक वर्षांत तयार झालेली गादी व माती ती एका पावसाळ्यात परत आणू शकत नाही.

येथेच आमचे सांगणे आहे. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून कित्येक लोक झाडाखालचा पाला पेटवितात. ती आग पसरून वणवा होतो. मग उघडी पडलेली माती पहिल्या पावसात नाल्यात जाते. भारतीय वन कायदा, १९२७, ह्यानेही राखीव जंगलास आग लावणे गुन्हा ठरविले आहे. पाला झाडून एका बाजूस सारावा किंवा झाडाखाली जुने लुगडे पसरावे. श्रम थोडे अधिक पडतील, पण फुले स्वच्छ मिळतील व रान वाचेल.

देवाने आदामास बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). म्हणून डोंगरालगतच्या गावांतील उपदेशकांनी ही गोष्ट मोह गळण्यापूर्वी, फाल्गुनातच, आपापल्या मंडळीस समजावून सांगावी, अशी आमची विनंती आहे.