नाकाचं ऑपरेशन आवणीच्या आधी नको

नाक चोंदलं की लगेच ऑपरेशन, असं नसतं पोरा. नाकातला मधला पडदा, पुढं कुर्चा नि मागं हाड, थोडाफार वाकडा बहुतेकांचा असतो. राबाच्या धुरानं नि हमरस्त्याच्या धुळीनं चोंदत असेल, तर आधी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धू, डॉक्टरनं दिलेला फवारा काही आठवडे नेमानं मार. तेवढ्यानं भागलं तर चाकू कशाला? तपकिरीची डबी मात्र आजच उकिरड्यावर टाक.

नाहीच भागलं तर पुण्याच्या ससून रुग्णालयात जा. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेव. सरकारी योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचार. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांग, आपल्या मनानं बंद करू नकोस.

दिवस शेती बघून धर. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. भाताच्या आवणीत दिवसभर कंबरेत वाकलेला माणूस हे कसं पाळणार? झोडणी उरकली की डिसेंबर बरा. राब भाजायलाही अजून अवकाश असतो.

भिऊ नकोस, पडदा सरळ करायचं काम नाकपुडीतूनच होतं, बाहेर टाका दिसत नाही. 1793 साली पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीनं नवं केलं होतं, तेही भुलीशिवाय! त्यापुढं तुझं काय?

नंतरचेच दिवस जिकिरीचे. नाकात बोळे असले की तोंडानं श्वास, घसा सुकतो. उशाशी तांब्या ठेव. डोकं दोन उशांवर. शिंक आली तर तोंड उघडून दे. नाक शिंकरायचं नाही, खपली बोटानं काढायची नाही. गुलाबीसर पाणी येतं, त्यानं घाबरू नये. ताजं रक्त आलं तर पुढं वाकून बस, गिळू नकोस, थुंक. ते थांबेना, ताप चढला, किंवा ठणका लागून दोन्ही नाकपुड्या गच्च झाल्या, तर सकाळची वाट बघू नकोस. पडद्यात रक्त साकळलं तर कुर्चा सडते नि नाक बसतं. रात्री जाणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेव.

आणि बरं वाटलं म्हणून पुढची तपासणी चुकवू नकोस.