वाटेत येऊन मिळालेला प्रवासी



मे 1841. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या सीमेपलीकडे साठेक माणसे गाड्या, बैल, खेचरे आणि बायकामुले घेऊन कॅलिफोर्नियाला जाण्यासाठी जमली होती. अडचण एकच, पण मोठी होती. वाट कोणालाच ठाऊक नव्हती! कॅलिफोर्निया पश्चिमेला आहे, एवढाच त्यांचा भूगोल. त्यांच्यातल्या जॉन बिडवेल या 21 वर्षांच्या शिक्षकाने हे पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

इतक्यात बातमी आली की येशूसंघीय धर्मगुरूंचा एक तांडा मागून येत आहे आणि त्यांच्याबरोबर वाटाड्या आहे. काहींना थांबणे म्हणजे वेळ दवडणे वाटले. अखेर ते थांबले. थांबलो नसतो तर आमच्यापैकी बहुधा कोणीच कॅलिफोर्नियाला पोहोचले नसते, अशी बिडवेलची कबुली आहे.

त्या तांड्याचे प्रमुख होते बेल्जियमचे फादर पियेर-जाँ दे स्मेत. सोबत फादर पॉइंट, फादर मेंगारिनी आणि तीन ब्रदर. सॅलिश लोकांनी 1831 ते 1839 या काळात चार वेळा सेंट लुईसला माणसे धाडून धर्मगुरू मागितले होते, म्हणून हे निघालेले. (त्या भूमीवर खरे परके कोण, हेही इथे ध्यानात घ्यावे. सॅलिश आपल्या घरीच होते.) वाटाड्या थॉमस फिट्झपॅट्रिक हा फरच्या व्यापारात आयुष्य घालवलेला आयरिश माणूस. बंदूक फुटून त्याचा हात जायबंदी झाला होता.

वाटेला लागून काही दिवस झाले आणि मागून एकटाच एक म्हातारा घोड्यावरून येऊन मिळाला. हे जोसेफ विल्यम्स, साठी ओलांडलेले मेथडिस्ट प्रचारक, इंडियानाहून ऑरेगनला निघालेले. त्या काळी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात किती कडवटपणा होता हे आपण जाणतो. शिवाय म्हातारबुवांना तांड्यातील शिवीगाळ मुळीच खपत नसे आणि फिट्झपॅट्रिकविषयी त्यांचे मत फारच वाईट होते. असा सोबती कोणाला हवा असतो? पण त्यांना कोणी परत धाडले नाही.

मग काय घडले? जून सुरू होताच तांड्यातील एका जोडप्याचे लग्न विल्यम्स यांनी लावले. त्याच महिन्यात शॉटवेल नावाचा तरुण गाडीतून बंदूक ओढून घेत असता गोळी सुटून तासाभरात मरण पावला. त्याला मूठमाती दिल्यावर प्रवचन केले तेही याच म्हाताऱ्याने. जुलैअखेरीस एका विधवेचा विवाह झाला, तो मात्र फादर दे स्मेत यांनी लावला. काही आठवड्यांपूर्वी एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली ही माणसे!

ऑगस्टमध्ये आजच्या आयडाहोतील सोडा स्प्रिंग्ज येथे वाटा फुटल्या. साधारण निम्मे लोक कॅलिफोर्नियाकडे वळले. त्यांना पुढे गाड्या टाकून द्याव्या लागल्या, आणि 18 वर्षांची नॅन्सी केल्सी तान्ही लेक कडेवर घेऊन डोंगर चढली. फादर दे स्मेत बिटररूट खोऱ्यात गेले व सप्टेंबरात तिथे सेंट मेरीज मिशन उभे राहिले. विल्यम्स ऑरेगनला पोहोचले, मग घरी परतले आणि 1843 मध्ये त्यांनी आपला प्रवास छापला.

बिडवेल कॅलिफोर्नियात मोठा जमीनदार झाला. म्हातारपणी आठवणी लिहिताना त्याने फादर दे स्मेत यांची गणना आपण पाहिलेल्या सर्वांत संतवृत्तीच्या माणसांत केली. तो स्वतः कॅथलिक नव्हता.