बीजप्रक्रियेच्या ढोलांतील दाण्याचा मार्ग

ज्वारीच्या काणीवर पेरणीपूर्वीं बियाण्यास गंधकाची भुकटी चोळणें हा जुना व खात्रीचा उपाय होय. दर किलो बियाण्यास 4 ग्रॅम गंधक पुरतें. मात्र तें प्रत्येक दाण्यास लागलें पाहिजे. जो दाणा कोरा राहिला, त्याच्या ताटास काणीची भीति राहिलीच. याकरितां फिरत्या ढोलांत दाणा कसा हालतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

आडवा ढोल मंद गतीनें फिरविला असतां बहुतेक दाणे त्याच्या अंगाबरोबर एकजुटीनें वर चढतात. त्यांच्या परस्परांतील जागा बदलत नाहींत. वर आल्यावर ते पृष्ठभागावरील पातळ थरांतून खालीं घसरतात. खरें मिश्रण होतें तें या थरांतच. ढोल निम्म्याहून बराच अधिक भरल्यास मधला गाभा या थरांत येतच नाहीं. उलटपक्षीं गति फार वाढविल्यास दाणे भिंतीस चिकटून फिरूं लागतात. अर्धा मीटर व्यासाच्या ढोलांत ही मर्यादा मिनिटास सुमारें 60 फेऱ्यांची आहे. ढोलाच्या लांबीच्या दिशेनें तर मिश्रण फारच सावकाश होतें.

ही गति गणितानें वर्तविण्याकरितां प्रत्येक कणाचा स्वतंत्र हिशेब करण्याची रीत कंडॉल व स्ट्रॅक यांनीं 1979 सालीं प्रसिद्ध केली. परंतु गणिताची परीक्षा प्रत्यक्षावरून व्हावी लागते. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठानें विकसित केलेल्या रीतींत एक किरणोत्सर्गी कण ढोलांत सोडतात. त्याच्यापासून परस्परविरुद्ध दिशांनीं निघणारे गॅमा किरण दोहों बाजूंस टिपले जातात. अशा अनेक रेषा जेथें मिळतात, तेथें तो कण असतो. या मार्गावरून मिळालेला वेग व थराची जाडी गणिताशीं जुळली, तरच गणितावर भरंवसा ठेवावा.

अशीच साधी कसोटी शेतकरी बंधूंस घरीं घेतां येईल. बियाण्याचा दहावा भाग रंगवून व वाळवून ढोलाच्या एका टोकास ठेवावा. ढोल निम्म्याहून कमी भरून ठराविक फेरे द्यावे. नंतर दोन्ही टोकांचे व मधले शंभर शंभर दाणे घेऊन मोजावे. प्रत्येक ठिकाणीं रंगीत दाणे 5 ते 15 आले, तर मिश्रण ठीक झालें. एकीकडे 30 व दुसरीकडे 2 आले, तर फेरे वाढवावे. गंधकही एका जागीं न ओततां ढोलाच्या सर्व लांबीवर पसरून टाकावें.