जुनी मोटरयॉट घेऊन नफ्यात कशी विकावी

पहिलं काम कागदावर करायचं, आणि तेही उलट्या बाजूने. त्याच मॉडेलच्या नीट राखलेल्या बोटी अलीकडे खरोखर कितीला विकल्या गेल्या ते ब्रोकरकडून काढून घ्या. जाहिरातीतला आकडा धरू नका. त्यातून ब्रोकरचं कमिशन वजा करा, अमेरिकेत ते बहुधा १० टक्के असतं. मग सर्व्हेअरची फी, बोट पाण्याबाहेर काढण्याचा खर्च, कर, विमा, सामान आणि धक्क्याचं भाडं. हे भाडं तुम्ही काम करा वा करू नका, चढतच राहतं. म्हणून कामाला जेवढे महिने लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट धरा. शेवटी स्वतःचा नफा बाजूला काढा. उरेल ती खरेदीची कमाल किंमत. पुष्कळ बोटींच्या बाबतीत ती शून्याच्या खाली जाते, म्हणजे फुकट मिळाली तरी ती बोट महाग.

मॉडेल असं निवडा, ज्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. इथे ग्रँड बँक्स ३६ धरू. अमेरिकन मरीन या कंपनीने ती आधी हाँगकाँगला आणि मग सिंगापूरला बांधली. १९७३ पर्यंतच्या बोटी लाकडी, त्यानंतरच्या फायबरग्लासच्या. लाकडी बोट देखणी असते, पण तिला विमा मिळता मिळत नाही आणि गिऱ्हाईक मोजकंच. ती हौसेसाठी घ्यावी. सिएटलकडे शोधत असाल तर लेक युनियनच्या गोड्या पाण्यात, छपराखाली उभी असलेली बोट आधी बघा. ऊन, पाऊस आणि खारं पाणी या तिन्हींपासून ती वाचलेली असते.

पहिली पाहणी स्वतः करा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. सोबत प्लास्टिकच्या डोक्याचा लहान हातोडा, टॉर्च, छोटा आरसा आणि खराब झाले तरी चालतील असे कपडे.

सुरुवात डेकपासून. त्या काळच्या बोटींवर फायबरग्लासच्या डेकवर सागवानी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक स्क्रूवर लाकडी बूच. वर्षानुवर्षं घासून पट्टी पातळ होते, बूच निघतं, पाणी स्क्रूच्या कडेने आत शिरतं आणि डेकच्या पोटातलं लाकूड कुजतं. मडकं वाजवून घ्यावं तसं सगळं डेक हातोड्याने वाजवत चला. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तिथे खडूने खूण. दोन-चार खुणा झाल्या तर भाव पाडायला निमित्त मिळालं. अर्धं डेक पांढरं झालं तर मालकाचे आभार मानून घरी या.

डेक गळत असेल तर खालच्या लोखंडी डिझेलच्या टाक्या वरून गंजत असतात. आरसा आणि टॉर्चने त्यांची वरची बाजू बघाच. टाकी बदलायची म्हणजे ती जागीच कापावी लागते, नाहीतर इंजिन उचलावं लागतं.

इंजिन बहुधा फोर्ड लेहमनचं, १२० अश्वशक्तीचं, सहा सिलिंडरचं डिझेल. मी येण्याआधी सुरू करू नका, असं मालकाला सांगून ठेवा, आणि पोचल्यावर हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. मग सुरू करून धूर बघा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा जात नसेल तर न जळालेलं डिझेल किंवा पाणी. मग सहज विचारा, इंजेक्शन पंपाचं तेल कधी बदललं? या पंपाला स्वतःचं वेगळं तेल असतं आणि ते दर ५० तासांनी बदलायचं असतं. मालक गोंधळला, तर बाकीच्या देखभालीचाही अंदाज आला.

एवढं पटलं तरच ऑफर द्या, तीही सर्व्हे आणि समुद्रातल्या चाचणीच्या अटीवर. सर्व्हेअर तुम्ही निवडलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. इंजिनसाठी वेगळा मेकॅनिक. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्यात सोडियम निघालं तर समुद्राचं पाणी आत शिरत असण्याची शक्यता. चाचणीत पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला साधारण २,५०० फेऱ्यांपर्यंत गेलं पाहिजे. जात नसेल तर पंख्यावर शेवाळ-शिंपले आहेत, पंख्याचं माप चुकलंय किंवा इंजिन थकलंय. अमेरिकेत बोट कोस्ट गार्डकडे नोंदलेली असेल तर मालकीचा पूर्ण उतारा मागवा. यार्डाची थकबाकी मालकाबरोबर जात नाही, बोटीला चिकटून राहते.

बोट ताब्यात आल्यावर आधी पाणी आत येणं बंद करा. तळातले कांस्याचे नळ खरवडून पाहा. गुलाबी दिसले तर जस्त निघून गेलंय, बदला. पाण्याखालच्या होसना दोन-दोन क्लॅम्प. मग डेक. खुणेच्या भोवतीच्या पट्ट्या काढा, वरचा फायबरग्लासचा थर चौकोनात कापून जपून ठेवा, आणि कोरडं लाकूड लागेपर्यंत आतलं कुजकं उकरा. पूर्ण सुकू द्या. घाई केली तर ओल आतच बंद होते. घट्ट इपॉक्सीत नवं लाकूड बसवा, जपलेला थर वर चिकटवा, कडा जाडीच्या बारा पट लांब उतरत्या घासा आणि त्यावर फायबरचं कापड इपॉक्सीने चढवा. सागवान परत बसवू नका. पाय न घसरणारा रंग लावा. डेकला आता भोकं नाहीत हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं.

वायरिंगमधल्या कुठेच न जाणाऱ्या तारा काढा, नव्या घालाल त्या कलई केलेल्या तांब्याच्या. टॉयलेटच्या होसवर गरम ओलं फडकं फिरवून फडक्याचा वास घ्या. घाण आली तर होस बदला. केबिनमधल्या दुर्गंधीचं मूळ पुष्कळदा तेच असतं, आणि दारातच वास आला तर पुढची पाहणी कोणी मनापासून करत नाही.

वॉर्निश शेवटी, आणि डोळ्यांत भरणाऱ्या जागांनाच: सहा-आठ हात, प्रत्येक हाताआधी हलकी घासणी. नवं नकाशायंत्र, आपल्या आवडीचे सोफे यांत एक पैसा घालू नका, ते घेणाऱ्याला त्याच्या मनासारखं हवं असतं. इंजिनखोली मात्र लख्ख करा आणि बिल्जला, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचणाऱ्या भागाला, पांढरा रंग द्या, म्हणजे गळती असेल तर लगेच दिसेल.

हिवाळा सरता सरता जाहिरात द्या. उघडलेल्या डेकचे फोटो आणि सगळी बिलं एका फाइलमध्ये ठेवा. पहिली ऑफर कमी वाटली तरी झटकून टाकू नका. आणखी चार महिन्यांचं भाडं आणि विमा मांडून बघा, फरक बहुधा तेवढाच निघतो.