दलाल स्ट्रीटची बोली आणि तिच्या आतली देणी

ट्रेडिंग अ‍ॅपवर ऑर्डर टाकताना नवखा माणूस पहिल्यांदा अडतो तो सीएनसी, एमआयएस आणि एनआरएमएल या अक्षरांपाशी. सीएनसी म्हणजे पूर्ण पैसे मोजून शेअर डीमॅट खात्यात घेणे. एमआयएस हा थोड्या मार्जिनवरचा, त्याच दिवसापुरता सौदा. बाजार साडेतीनला बंद होतो, पण बहुतेक दलालांची यंत्रणा सव्वातीनच्या आसपासच असे सौदे आपोआप ‘स्क्वेअर ऑफ’ करते, म्हणजे उलटा सौदा करून मिटवते, मग भाव काहीही असो. एनआरएमएल हे फ्युचर-ऑप्शनचे सौदे मुदतीपर्यंत ठेवण्यासाठी. चार वर्षे ठेवायचे म्हणून घेतलेले शेअर घाईत एमआयएसमध्ये पडले, तर संध्याकाळी खात्यात शेअर नसतात. उरतो तो नफा-तोटा आणि दलालीचा खर्च.

‘शॉर्ट मारणे’ ऐकायला सोपे. हाती नसलेला शेअर आधी विकायचा, भाव उतरला की घेऊन टाकायचा. रोखीच्या बाजारात हे त्याच दिवशी उरकावे लागते आणि खरी गोम तिथेच आहे. समजा, काल १०० रुपयांवर बंद झालेल्या शेअरला १० टक्क्यांचे सर्किट, म्हणजे दिवसभरातल्या चढ-उताराची मर्यादा, आहे. एकाने तो १०३ला ५०० नग शॉर्ट केला. दुपारी बातमी आली आणि शेअर ११०वर ‘अप्पर सर्किटला लॉक’ झाला. पडद्यावर खरेदीदारांची रांग दिसते, विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. स्टॉपलॉस लावलेला होता तरी उपयोग नाही, कारण समोर विकणाराच नाही. दलालाची स्क्वेअर ऑफ यंत्रणाही इथे हतबल. बाजार बंद झाला की हा सौदा डिलिव्हरीचा होतो. दुसऱ्या दिवशी शेअर देता आले नाहीत, की ते ‘ऑक्शन’ला जातात. लिलावात भाव आदल्या बंद भावाच्या २० टक्के वर, म्हणजे १३२पर्यंत चढू शकतो. नगामागे दोन-तीन रुपये कमवायला निघालेल्याचे २९ रुपये, म्हणजे ५०० नगांवर १४,५०० रुपये जातात, दंड वेगळाच. सर्किटजवळ पोचलेल्या किंवा फारशी उलाढाल नसलेल्या शेअरमध्ये शॉर्ट करू नये, असे जुने दलाल बजावतात ते यामुळे.

‘बीटीएसटी’, म्हणजे आज घेऊन उद्या विकणे, यालाही लिलावाची बाजू आहे. जानेवारी २०२३पासून सगळे शेअर ‘टी प्लस वन’ने, म्हणजे सौद्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, त्यामुळे धोका पूर्वीपेक्षा कमी झाला. पण ज्याच्याकडून शेअर यायचे तोच ते देऊ शकला नाही, तर पुढे विकलेल्याची जबाबदारी विकणाऱ्याच्या गळ्यात येते.

जुन्या रिंगणातला ‘बदला’ जुलै २००१मध्ये सेबीने बंद केला. व्याज मोजून सौदा पुढे ढकलायची ती सोय होती. आजची ‘एमटीएफ’ (मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी) नियमांच्या चौकटीतली असली, तरी उधारीची चव तीच. भांडवलाचा एक हिस्सा ग्राहकाचा, बाकी दलालाचा, त्यावर रोजचे व्याज, आणि शेअर गहाण. भाव घसरला की ‘मार्जिन कॉल’ येतो. पैसे भरले नाहीत तर दलाल शेअर विकून टाकतो. याच वेळी ‘अ‍ॅव्हरेज करा’ हा सल्ला कानावर येतो. ४००चा शेअर २००ला पुन्हा तेवढाच घेतला, की सरासरी ३०० होते खरी, पण अडकलेली रक्कमही दीडपट होते. कंपनीचा धंदाच बसला असेल, तर कमी झालेली सरासरी हे नुसते गणिताचे समाधान आहे.

ऑप्शनच्या पडद्यावर सीई म्हणजे कॉल, पीई म्हणजे पुट. चालू भावाजवळचा तो ‘एटीएम’, दूरचा आणि अजून फायद्यात न आलेला तो ‘ओटीएम’. मुदतीच्या दिवशी चार-पाच रुपयांना मिळणारा ओटीएम घेऊन तो पन्नासला जाईल अशी वाट पाहणे, याला ‘हिरो-झिरो’ म्हणतात. नावात दोन शक्यता आहेत. बहुतेकांच्या वाट्याला दुसरी येते. दिवसाच्या अखेरीस प्रीमियम शून्य होतो, मग निफ्टीने आपल्या बाजूने थोडी धाव घेतलेली असली तरी. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासात, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक कलम असते: मुदतीला फायद्यात असलेला सौदा सोडून दिला, तर शेअर प्रत्यक्ष द्यावे किंवा घ्यावे लागतात, आणि ती रक्कम प्रीमियमच्या कितीतरी पट असते.

‘ऑपरेटर शिरलाय’, ‘वरून बातमी आहे’, ‘माल पकडून ठेवा’ ही भाषा टेलिग्रामच्या गटांत रोज चालते. ऑपरेटर आधी स्वस्तात माल जमवतो, भाव चढवतो, गर्दी जमली की तिच्याच गळ्यात माल उतरवतो. ‘माल पकडून ठेवा’ असे सांगणाऱ्याचा माल तोवर विकून झालेला असण्याची शक्यता मोठी. नफ्याची हमी देणारा ‘शुअर शॉट’ कॉल नियमांत बसतच नाही, मग देणारा सेबीकडे नोंदलेला असो वा नसो.

‘डब्ब्यात’ केलेला सौदा एक्स्चेंजपर्यंत पोचतच नाही. तो डब्बेवाल्याच्याच वहीत राहतो आणि हिशेब रोखीत होतो. १९५६च्या प्रतिभूती करार कायद्यानुसार हा गुन्हा आहे. जिंकलेल्याचे पैसे बुडवले, तरी एक्स्चेंजकडे तक्रार करता येत नाही. ओळखायची खूण सोपी: सौद्याची ‘कॉन्ट्रॅक्ट नोट’ येत नाही. एक्स्चेंजवरच्या सौद्याची ती दलालाकडून २४ तासांत यावी लागते. तिच्यावर सौद्याची वेळ, भाव, दलाली आणि कर हे सगळे वेगवेगळे छापलेले असते.

कोणत्याही शेअरपुढे ‘टीटूटी’, ‘एएसएम’ किंवा ‘जीएसएम’ दिसले, तर तो निगराणीखाली किंवा निर्बंधाखाली आहे असे समजावे. टीटूटीमध्ये घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. एएसएम-जीएसएमच्या वरच्या टप्प्यांत मार्जिन १०० टक्क्यांपर्यंत जाते. ही यादी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर असते आणि बदलत राहते, म्हणून ऑर्डर टाकण्याआधी ती त्याच दिवशी पाहावी.