गोदी उरली, विद्या उरावी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग किल्ल्यानजीक, वाघोटण खाडीच्या काठी, मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. तिची लांबी सुमारे १०९ मीटर व रुंदी सुमारे ७० मीटर. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यावे व तेथे त्याची डागडुजी करावी, अशी ही योजना. १७५६ साली विजयदुर्ग पडला, तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. गोदी मात्र दगडाची म्हणून टिकली.

परंतु गलबत बांधण्याची विद्या दगडात नव्हती. ती सुताराच्या हातात होती. कोणते लाकूड निवडावे, फळीला बाक कसा द्यावा, सांधी कशा बुजवाव्यात, हे मुलगा बापाच्या हाताखाली शिकत असे. मतलई वारा केव्हा सुटतो, उधाणाच्या भरतीला कोणता खडक बुडतो, हे तांडेलास तोंडपाठ असे. यांत्रिक नौका व फायबरच्या होड्या आल्या. त्यांनी मच्छीमारांचे कष्ट हलके केले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्याबरोबर ही शिकवणीची साखळी क्षीण झाली.

ती तुटू न देण्याचे मोल अलीकडेच दिसून आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज गोव्यात बांधण्यात आले व २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. जुने आराखडे उपलब्ध नव्हते. तरीही जहाज उभे राहिले, कारण काथ्याच्या दोरीने फळ्या शिवणारे कारागीर केरळात शिल्लक होते.

जुलै २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे जलदुर्ग जागतिक वारसा यादीत आले. किल्ल्यांची काळजी शासन घेईल. गावच्या विद्येची काळजी गावानेच घ्यावयास हवी. ग्रामपंचायती जैवविविधता नोंदवही ठेवतात. त्याच धर्तीवर नौकाविद्येची नोंदवही ठेवता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वृद्ध सुतार व तांडेल यांच्याकडे न्यावे, नौकेच्या भागांची स्थानिक नावे, मापे व चित्रे लिहून घ्यावीत. अधिकाऱ्यांनी एखाद्या जुन्या होडीची दुरुस्ती शिकाऊ मुलांसमक्ष करवून घ्यावी. कारण नोंदवहीत शब्द राहतात, कसब हातातच राहते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे.